डिसेंबरच्या अदलाबदलीसाठी घरची बिअर: बाटली दुसऱ्याच्या घरी जाते तेव्हा

डिसेंबरात घरी बिअर बनवणारे आपापल्या बाटल्या एकमेकांना भेट देतात, त्या अदलाबदलीसाठी हे. आपल्या फ्रिजमधली बिअर आपल्या नजरेखाली असते. जास्त फसफसायला लागली तर कळतं, चव उतरायला लागली तर पटकन संपवता येते. भेट दिलेली बाटली मात्र कुणाच्या तरी किचन काउंटरवर हीटरशेजारी तीन आठवडे उभी राहते, नाहीतर गॅरेजमध्ये गोठते. दिवाळीचा फराळ निदान दोन दिवसांत फस्त होतो, बिअरचं तसं नसतं. म्हणून भेटीची बिअर बनवताना ‘आज कशी लागते’ यापेक्षा ‘माझ्या हातून सुटल्यावर तिचं काय होईल’ हा प्रश्न आधी घ्यायचा. खालचं सगळं अमेरिकेतल्या नेहमीच्या 5 गॅलन, म्हणजे 19 लिटरच्या बॅचला धरून आहे.

आधी कायदा उरकून टाकू. जिमी कार्टर यांनी 1978मध्ये सही केलेला कायदा फेब्रुवारी 1979पासून लागू झाला आणि घरगुती बिअरला तिथपासून केंद्राची परवानगी आहे: घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर 200. विकायची मात्र नाही, पैसे घेऊनही नाही आणि ‘साहित्याचा खर्च’ म्हणूनही नाही. घराबाहेर नेण्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, ते पाहून घ्या. पोस्टाने दारू पाठवताच येत नाही. यूपीएस आणि फेडएक्स ती परवानाधारकांकडूनच घेतात. पार्सलवर ‘यीस्टचे नमुने’ लिहिण्याची जुनी पळवाट सगळ्यांना माहीत आहे आणि ती पळवाटच आहे. त्यामुळे अदलाबदल हातोहात करा. महाराष्ट्रात 1949च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय दारू बनवणं हाच गुन्हा आहे, तेव्हा पुण्या-मुंबईतल्या वाचकांनी यातला चाखण्याचा भाग तेवढा उचलावा. ब्रूपबमधल्या (जागेवरच बिअर बनवणाऱ्या पबमधल्या) बिअरलाही हा चाखण्याचा भाग लागू पडतो.

काय बनवायचं

पोर्टर, ओटमील स्टाउट, डबल, डॉपेलबॉक, ओल्ड एल: साडेसहा ते आठ टक्क्यांच्या, माल्टवर (मोड आणून वाळवलेल्या धान्यावर) उभ्या असलेल्या बिअर भेटीला उत्तम. त्या महिना-दोन महिने सहज टिकतात आणि थोडीफार आबाळ सोसतात. हेझी आयपीए (हॉप्स नावाच्या कडू, सुगंधी फुलांची गढूळसर बिअर) ही सगळ्यात वाईट भेट. बाटलीत शिरलेल्या थोड्याशा ऑक्सिजननेही तिचा रंग राखाडी-तपकिरी होतो, हॉप्सचा आंब्या-संत्र्याचा वास जातो आणि मागे ओल्या पुठ्ठ्याची चव उरते. द्यायचीच असेल तर त्याच आठवड्यात प्यायची अट घालून, थंडगार अवस्थेत हातात द्या.

मसाल्याची बिअर करायचा मोह आपल्या लोकांना हमखास होतो. डबा समोरच असतो. पण उकळत्या वॉर्टमध्ये (आंबवण्याआधीच्या माल्टच्या गोड पाण्यात) अंदाजाने टाकलेला मसाला काढून घेता येत नाही. त्यापेक्षा अर्क करा. 10 ग्रॅम जाडसर कुटलेला मसाला (वेलची, दालचिनी, थोडं जायफळ) 60 मिली व्होडकात चार-पाच दिवस भिजवा आणि कॉफी फिल्टरमधून गाळा. आता तयार बिअरचे 100-100 मिलीचे चार ग्लास भरा आणि सुई नसलेल्या सिरिंजने त्यात अनुक्रमे 0.1, 0.2, 0.3 आणि 0.4 मिली अर्क घाला. आवडलेल्या ग्लासातला आकडा गुणिले 190, म्हणजे 19 लिटरचा डोस. 0.2 आवडला तर 38 मिली. दोन ग्लासांमध्ये मन अडकलं तर कमी डोसाचा घ्या. पहिल्या घोटाला छान वाटणारा मसाला अर्ध्या बाटलीनंतर काढ्यासारखा लागतो. लवंग तर जपूनच, तिच्यापुढे बाकी कशाचाही टिकाव लागत नाही.

गूळ घालायचा असेल तर 19 लिटरला अर्धा किलो पुरे. उकळ संपायला दहा मिनिटं असताना आच बंद करून विरघळवा, नाहीतर तळाला लागतो. गुळाने बिअर गोड होईल ही समजूत चुकीची आहे. त्यातली बहुतेक साखर यीस्ट खाऊन टाकतं, साधारण एक टक्का अल्कोहोल वाढतं आणि बिअर उलट कोरडी होते. गोडवा हवा असेल तर तो क्रिस्टल माल्ट या गोडसर माल्टमधून आणा.

वेळेचं गणित

डिसेंबरच्या मध्याला अदलाबदल असेल तर ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ब्रू करा (म्हणजे बिअर उकळून आंबवायला ठेवा) आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बाटल्या भरा. फसफस यावी म्हणून भरताना थोडी साखर घालतात, बाटलीतल्या त्या आंबवणीला 20 ते 22 अंशांना दोन ते तीन आठवडे लागतात, आठ टक्क्यांच्या पुढे चार ते सहा. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत बाटल्या भरून दोन आठवड्यांत वाटायला निघालेल्यांची बिअर सपक आणि गोडसर निघते, कारण साखर अजून बाटलीतच असते.

बाटली भरणं

बहुतेक घोळ इथेच होतात, म्हणून जरा सावकाश.

भरण्याआधी हायड्रोमीटरची (बिअरची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी मोजणाऱ्या नळीची) दोन रीडिंग तीन दिवसांच्या अंतराने सारखी आली पाहिजेत, तगड्या बिअरला आठवड्याच्या अंतराने. ‘एक पॉइंटने काय होतंय’ असं म्हणू नका. बाटलीत खाली आलेला ग्रॅव्हिटीचा प्रत्येक पॉइंट (0.001) साधारण अर्धा व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइड देतो (बिअरच्या आकारमानाएवढा वायू म्हणजे एक व्हॉल्यूम). 1.019ला भरलेली बिअर बाटलीत 1.016वर गेली तर प्रायमिंग शुगरने, म्हणजे भरताना घातलेल्या साखरेने, ठरवलेल्या 2.4 व्हॉल्यूमवर आणखी दीड चढतो. 3.9 व्हॉल्यूम साध्या लाँगनेक बाटलीच्या झेपेबाहेर आहे. त्या बाटलीत तीनपर्यंतच थांबावं.

स्टाउट-पोर्टरला 2.0 ते 2.3, एलला (उबेत आंबवलेल्या इतर बिअरला) 2.3 ते 2.5 व्हॉल्यूम पुरतात. 19 लिटर बिअर 20 अंशांवर आंबलेली असेल आणि 2.4 हवे असतील तर साधी साखर 105 ते 110 ग्रॅम, कॉर्न शुगर 115 ते 120 ग्रॅम. काट्यावर मोजा, कपाने नाही. प्रायमिंग शुगरचा कॅल्क्युलेटर तापमान विचारतो ते आंबवण चालू असताना आणि नंतर बिअर सगळ्यात जास्त ज्या तापमानाला होती ते, आजचं नाही. कोल्ड क्रॅशचे (गाळ बसावा म्हणून बिअर थंड करतानाचे) 2 अंश तिथे टाकले तर बिअरमध्ये आधीच बराच वायू आहे असं तो धरून चालतो, साखर कमी सांगतो आणि बिअर मिळमिळीत होते.

साखर 300 मिली पाण्यात पाच मिनिटं उकळून थंड करा आणि बॉटलिंग बकेटच्या (बाटल्या भरायच्या नळाच्या बादलीच्या) तळाशी ओता. त्यावर सायफनने बिअर सोडताना नळीचं टोक तळाला भिंतीलगत आडवं ठेवा, म्हणजे बिअर गोल फिरत वर येते आणि आपोआप मिसळते. वरून धार पडू देऊ नका, तो खळखळाट म्हणजे ऑक्सिजन. दर दहा-बारा बाटल्यांनी स्टारसॅन या सॅनिटायझरमधून काढलेल्या चमच्याने अलगद एक फेरा द्या. हे केलं नाही की काही बाटल्या सपक आणि काही कारंजी, अशी तक्रार येते, आणि भेटीत नेमकी कारंजी जातात.

बाटल्या तपकिरी घ्या, साध्या क्राउन कॅपच्या (ओपनरने उघडायच्या पत्र्याच्या झाकणाच्या). ट्विस्ट-ऑफ बाटलीच्या आट्यांवर कॅप नीट बसत नाही. हिरव्या आणि पारदर्शक काचेतून येणाऱ्या प्रकाशाने हॉप्समधल्या कडू द्रव्याची मोडतोड होऊन स्कंकचा वास येतो. दुकानाच्या ट्यूबलाइटखालीही हे होतं. स्टारसॅन लिटरला दीड मिली, आतून सगळीकडे लागू द्या, एक-दोन मिनिटांनी उलटी करून निथळा. फेस राहिला तरी चालतो, पुन्हा पाण्याने विसळत बसू नका. पण सॅनिटायझर मळ काढत नाही. तळाला जुन्या गाळाचं कडं दिसलं की आधी पीबीडब्ल्यू (मळ काढायची पावडर) आणि ब्रश. भरताना वर साधारण अडीच सेंटिमीटर जागा सोडा. ऑक्सिजन शोषणाऱ्या कॅप थोड्या महाग पडतात, पण भेटीच्या बाटल्यांना त्या लावाव्यात.

आठ टक्क्यांवरची किंवा दोन महिने मुरवलेली बिअर असेल तर यीस्ट थकलेलं असतं. सीबीसी-1सारखं बाटलीसाठीचं कोरडं यीस्ट 19 लिटरला 2 ग्रॅम, थोड्या कोमट पाण्यात भिजवून साखरेबरोबर घाला.

सगळ्या काचेच्या बाटल्या भरताना एक सोड्याची प्लास्टिकची बाटली भरून ठेवा. हवा दाबून बाहेर काढून झाकण लावा. ती दगडासारखी घट्ट झाली की आतला वायू तयार झाला. शिवाय तीन काचेच्या बाटल्या स्वतःसाठी राखा आणि भरल्यापासून दोन, तीन आणि चार आठवड्यांनी थंड करून उघडा. चौथ्या आठवड्याची बाटली तिसऱ्यापेक्षा जोरात उसळली तर ती बॅच कुणालाही देऊ नका. जंगली यीस्ट किंवा बॅक्टेरिया आत शिरलेत आणि दाब वाढतच जाणार. उरलेल्या बाटल्या गॉगल आणि जाड हातमोजे घालून फ्रिजमध्ये हलवा आणि गार झाल्यावर एकेक कॅप किंचित उचलून वायू सोडा. मोह होईल, पण ‘लवकर पी’ असं सांगून बॉम्ब देता येत नाही.

केगमधून (दाबाखालच्या बिअरच्या पिंपातून) भरत असाल तर बाटली आणि बिअर दोन्ही गार हव्यात, दाब 2 ते 4 पीएसआय. बाटलीत आधी कार्बन डायऑक्साइड सोडा, तळापासून भरा आणि वर आलेल्या फेसावरच कॅप लावा. त्या फेसाखाली हवा उरत नाही. अशी बाटली महिनाभरात संपावी.

लेबल

कागदाच्या चिठ्ठीला मागून दुधाचा पातळ हात फिरवा आणि चिकटवा. सुकल्यावर पक्की बसते, कोमट पाण्यात सहज सुटते, आणि बाटली परत करणारा शिव्या देत नाही. इंकजेटची शाई ओलाव्याने पसरते, लेझर प्रिंट घ्या. मजकूर असा:

ओटमील स्टाउट, 6.6%
ब्रू 12 ऑक्टोबर, बाटली 9 नोव्हेंबर
10 अंशांना प्यावी, फेब्रुवारीपर्यंत
तळाला यीस्ट आहे, शेवटचा बोटभर भाग ओतू नये
बार्ली, ओट्स, लॅक्टोज
बाटली परत हवी

टक्केवारीसाठी सुरुवातीच्या ग्रॅव्हिटीतून शेवटची वजा करून 131.25ने गुणा: 1.066 आणि 1.016 असेल तर 6.6. लॅक्टोज (दुधातली साखर), गहू, शेंगदाणे, काजू-बदाम यांपैकी काही असेल तर ते लिहिणं ऐच्छिक नाही. कॅपवर मार्करने बॅच नंबर टाका, लेबल पडलं तरी ओळख राहते.

डिकीत रात्रभर बाटल्या ठेवू नका. मिनेसोटा-मिशिगनच्या थंडीत साधी बिअर उणे दोन-तीन अंशांना गोठते आणि बाटली तडकते. विमानाने न्यायची असेल तर चेक-इन बॅगेत, प्रत्येक बाटली वेगळ्या झिप पिशवीत आणि मग कपड्यांत गुंडाळून.

एकत्र बसून चाखणं

आठ जण असतील तर प्रत्येकाने बाकी सातांना दोन-दोन बाटल्या आणि चाखायला दोन, अशा सोळा आणायच्या. 19 लिटरमधून पन्नासेक निघतात, त्यामुळे घरच्यांनाही उरतात. एका वेळी 60 मिली पुरे. आठ बिअर सरासरी 7 टक्क्यांच्या धरल्या तर एवढ्यानेही माणशी जवळपास दोन ड्रिंक होतात, तेव्हा गाडी कोण चालवणार हे आधी ठरवा.

हलक्यापासून तगड्याकडे जा. हॉप्सने कडवट आणि आंबट बिअर शेवटी, कारण त्यांच्यानंतर जीभ तासभर कामातून जाते. लागर (थंडाव्यात आंबवलेली बिअर) 5-7 अंशांना, एल 8-12, तगड्या बिअर 12-14. फ्रिजमधून काढल्या काढल्या ओतलेल्या स्टाउटमध्ये दोषही लपतात आणि गुणही. सोबत पाणी आणि बिनमिठाचे क्रॅकर. चिवडा-भजी नंतर, तेल ओठाला लागलं की फेस मरतो आणि दोष बिचाऱ्या बिअरला लागतो.

ओतल्याबरोबर आधी वास घ्या, तो सगळ्यात लवकर उडतो. मग रंग आणि फेस, मग घोट. बीजेसीपी या बिअर परीक्षकांच्या संस्थेच्या गुणपत्रिकेत 50पैकी चवीला 20, वासाला 12, एकूण परिणामाला 10, तोंडातल्या जाणिवेला 5 आणि दिसण्याला फक्त 3 गुण असतात. गढूळ बिअरवर पाच मिनिटं बोलणाऱ्याला हे दाखवा. प्रत्येकाने आधी गुपचूप लिहायचं, मग बोलायचं. एकाने मोठ्याने ‘बटर!’ म्हटलं की सगळ्यांना बटर लागायला लागतं.

नुसतं ‘मस्त’ लिहिलेल्या चिठ्ठीचा बनवणाऱ्याला काही उपयोग नाही. बटर पॉपकॉर्नचा वास म्हणजे डायअॅसिटिल: यीस्टवरून बिअर लवकर काढली, शेवटचे दोन-तीन दिवस ऊब दिली नाही, किंवा संसर्ग. हिरव्या सफरचंदासारखं काही लागलं तर बिअर कोवळी आहे. उकडलेल्या मक्याचा वास बहुधा झाकण ठेवून किंवा कमी वेळ उकळल्याचा. बँडेजसारखा औषधी वास नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचा. 20 गॅलन पाण्याला एक कॅम्पडेन (सल्फाइटची) गोळी एवढा साधा त्यावर इलाज आहे. मळक्या मोज्यांचा वास जुन्या हॉप्सचा. लवंगेचा वास गव्हाच्या जर्मन बिअरमध्ये गुण आहे, स्टाउटमध्ये दोष. म्हणून चाखण्याआधी प्रकार विचारून घ्या.

बाटली रिकामी झाल्याबरोबर तीनदा गरम पाण्याने विसळून उलटी वाळत ठेवा. विसळायला दोन दिवस उशीर झाला की तळाच्या यीस्टवर बुरशी धरते, आणि तशी बाटली परत करण्यापेक्षा रिसायकलिंगमध्ये टाकलेली बरी.