सहसंबंधाचा आकडा वाचायचा कसा? आधी ठिपके काढा

'सहसंबंध म्हणजे कार्यकारण नव्हे' हे वाक्य बी.ए.च्या पहिल्या वर्षातल्या पोरालाही पाठ असतं. उपयोग काय? दोन गोष्टी किती जोडीनं बदलतात ते सांगणारा सहसंबंधाचा आकडा म्हणजे आर. मानसशास्त्राच्या शोधनिबंधात आर = –०.६ असं दिसलं की पुढं करायचं काय, ते कुणी सांगत नाही. बेळगावात मुलांकडून मी हे ज्या क्रमानं करून घेतो, तोच इथं देतो.

चिन्ह बघा. आर –१ ते +१ मध्ये असतो. वजा म्हणजे एक वाढतं तेव्हा दुसरं घटतं; कमकुवत संबंध नव्हे. –०.६ हा +०.३ पेक्षा घट्टच.

टक्के लावू नका. ०.६ म्हणजे साठ टक्के नव्हेत. ०.६ चा वर्ग करा, ०.३६ येतात. एकातल्या चढउताराचा ३६ टक्के भाग दुसऱ्याशी जुळतो, एवढंच.

मग ठिपके काढा. आडव्या अक्षावर एक गोष्ट, उभ्यावर दुसरी, दर माणशी एक ठिपका. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अ‍ॅन्सकम यांनी १९७३ मध्ये चार आकडेसंच मांडले. चारींचा आर साधारण ०.८२, पण चित्रं चार तऱ्हांची. एक तर चक्क कमान. आलेख न काढता आर सांगणाऱ्याचं मी पुढचं ऐकत नाही.

आता ठिपक्यांतले गट शोधा. मी आपटलो ते इथं. शिकत असताना आम्ही नववीच्या मुलांचं कन्नड वाचन आणि परीक्षेची चिंता मोजली. एक शाळा खानापूरकडची, मराठी माध्यमाची. दुसरी शहरातली, कन्नड माध्यमाची. आर दणदणीत वजा आला. 'वाचन सुधारलं की चिंता पळेल' असं लिहूनही टाकलं. ते पाठ वाक्य तेव्हाही पाठच होतं!

नंतर उत्तरपत्रिका चाळताना खानापूरकडच्या शाळेतलं एक पोरगं आठवलं. चिंतेची प्रश्नावली कन्नडमध्ये होती आणि त्यानं हात वर करून विचारलं होतं, "सर, आतंक म्हंजे आतंकवाद्यांचं काय की?" कन्नडमध्ये आतंक म्हणजे काळजी, चिंता. मराठी घरातल्या पोराला त्यात दहशतच दिसणार. आम्ही हसलो आणि पुढं गेलो. त्या शाळेतल्या बऱ्याच जणांनी सगळ्यात मोठ्या आकड्याला गोल केला होता. आम्ही मोजली ती चिंता की प्रश्न न कळणं, हे आजही मला सांगता येणार नाही.

वहीत करून बघा. आकडे मी मुद्दाम बेतलेत. आधी वाचन, मग चिंता. पहिल्या शाळेतली चार मुलं: १ व ९, १ व ८, २ व ९, २ व ८. दुसरीतली: ८ व २, ८ व १, ९ व २, ९ व १. एकेका शाळेचा वेगळा आर काढा, दोन्हीकडे शून्य. आठही मुलं एकत्र केली की –०.९८. शाळेच्या आत काहीच संबंध नाही, तरी आकडा छातीठोक.

म्हणून माध्यम, घरची भाषा, गाव-शहर यांना वेगवेगळे रंग द्या. रंग दोन कोपऱ्यांत जमले तर सगळ्यांचा मिळून काढलेला आर फेकून द्या, गटागणिक काढा. 'नमुना मोठा घ्या, सगळं ठीक होतं' हा सल्ला मला अगदी नकोसा झालाय. आठाच्या जागी आठशे मुलं घेतली तरी दोन शाळांमधली फट तशीच राहते. सीमाभागात घरची भाषा न विचारता केलेला अभ्यास मी वाचायलाच घेत नाही.

तारांकनाला भुलू नका. आरशेजारचा तारा म्हणजे 'हा आकडा निव्वळ योगायोगाचा नसावा' अशी खूण; संबंध घट्ट असल्याची नव्हे. नेहमीच्या ०.०५ च्या पातळीला, म्हणजे खरा संबंध नसताना एवढा आर येण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आत हवी असेल तर, तीस जणांत आर ०.३६ च्या पुढं जावा लागतो. हजार जणांत ०.०६ च्या जरा वर गेला तरी तारा लागतो.

शेवटी मथळा. आत नुसता सहसंबंध आणि मथळ्यात 'परिणाम' असेल तर लाल शाई काढा. आमच्याही प्रबंधिकेच्या मथळ्यात तो शब्द होता. मी ती अजून वर्गात दाखवतो, नावाची पट्टी झाकून.