निवड झाली, पैसे अडकले: इंटर्नशिप, प्रवास आणि संशोधनाच्या मदतीत या चुका टाळा

"मॅडम, माहे पैसे आलेच नाई."

झरी जामणीकडची माझी एक विद्यार्थिनी सप्टेंबरात स्टाफरूमच्या दारात येऊन हे म्हणाली. उन्हाळ्यात ती दोन महिने एका संशोधन संस्थेत काम करून आली होती. काम उत्तम झालं होतं, गाइडनं तसं लिहूनही दिलं होतं. संस्थेच्या कागदावर तिचं विद्यावेतन जुलैतच जमा झालेलं, आणि तिच्या पासबुकात एक रुपया नाही. तीन आठवडे आम्ही दोघी फोन आणि ईमेल करत होतो. शेवटी पैसे सापडले ते भलत्याच खात्यात. आठवडी बाजारात सिमकार्ड घेताना दुकानदारानं तिचा अंगठा दोनदा घेतला होता आणि तेवढ्यात तिच्या नावानं पेमेंट बँकेचं खातं उघडलं गेलं होतं. ते खातं आहे हेच तिला माहीत नव्हतं. इकडे तिच्या वडिलांनी तिच्या प्रवासासाठी उसने आणलेल्या पैशांवर व्याज चढत होतं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवताना इंटर्नशिप, परिषदा आणि छोट्या संशोधन प्रकल्पांचे अर्ज माझ्याच टेबलावरून जातात. आमची पोरं गुणवत्तेत कमी पडतात असं मला एकदाही वाटलेलं नाही. ती अडतात कागदात आणि तारखेत. त्याहून जास्त अडतात ती पैसा कधी हातात येतो याचा हिशेब न धरल्यामुळे.

"खातं त आधारले जोडलंच हाय"

सगळ्यात जास्त पैसे इथे अडकतात, म्हणून यावर जरा थांबते.

बँकेत आधारची झेरॉक्स दिली, केवायसी झालं, पासबुकावर आधार क्रमांक छापून आला, म्हणजे सरकारी पैसे त्याच खात्यात येतील असं सगळे धरून चालतात. तसं नसतं. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलसारख्या व्यवस्थेतून येणारा पैसा खाते क्रमांक बघून येत नाही, आधार क्रमांक बघून येतो. तुमचा आधार कोणत्या बँकेशी बांधलेला आहे याची नोंद एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांमधल्या पैशांच्या देवाणघेवाणीची यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेकडे, असते आणि पैसे त्या बँकेत जातात. याला सीडिंग म्हणतात. एका आधारला एका वेळी एकच बँक असते. नंतर दुसऱ्या बँकेत सीडिंग झालं की आधीची नोंद पुसली जाते. माझ्या विद्यार्थिनीचं नेमकं हेच झालं.

तपासायला पाच मिनिटं लागतात. माय आधार संकेतस्थळावर ओटीपी टाकून आत गेलात की बँक सीडिंगची स्थिती दिसते. त्यासाठी आधारशी जोडलेला मोबाईल नंबर चालू पाहिजे. आमच्याकडे अर्ध्या घरांत तो नंबर काकाचा असतो नाहीतर बंद पडलेला असतो, तेव्हा आधी आधार केंद्रावर जाऊन तो बदलून घ्या. स्क्रीनवर दुसऱ्याच बँकेचं नाव दिसलं, तर आपल्या बँकेत आधार सीडिंगचा संमती अर्ज भरा आणि पोच घ्या. आठ दिवसांनी पुन्हा बघा. "झालं" या बँकेतल्या तोंडी उत्तरावर घरी जाऊ नका.

खात्याच्या आणखी तीन भानगडी आमच्या भागात नेहमी निघतात. शाळेत शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं खातं दोन वर्षं व्यवहार न झाल्यामुळे निष्क्रिय झालेलं असतं. काही खाती 'लघु खाते' प्रकारातली असतात. त्यात वर्षाला एक लाखापर्यंतच रक्कम जमा होऊ शकते आणि शिल्लक ५० हजारांवर जाऊ शकत नाही, म्हणून पूर्ण केवायसी करून घ्या. तिसरी अडचण बँकांच्या विलीनीकरणाची. १ मे २०२५ रोजी विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एकत्र झाल्या. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलांची खाती तिथेच आहेत. एखादी संस्था थेट खाते क्रमांकावर पैसे पाठवणार असेल, तर जुन्या पासबुकावरचा आयएफएससी कोड बघून फॉर्म भरू नका. शाखेत विचारा, नवं पासबुक घ्या.

पैसे आधी मिळतील असं धरून घरातून निघणं

बहुतेक प्रवास-मदत ही परतफेड असते. आधी खर्च करायचा, मग बिलं द्यायची, मग महिना-दोन महिन्यांनी पैसे येणार. विद्यावेतनही पुष्कळदा काम संपल्यावर किंवा दोन हप्त्यांत मिळतं. ज्याच्या घरात महिन्याचा पगार येतो त्याला हे खटकत नाही. आमच्याकडे उन्हाळी इंटर्नशिप मे-जूनमध्ये येते, आणि नेमकी तेव्हाच घरातली असेल-नसेल ती रोकड बियाणं आणि खतासाठी राखून ठेवलेली असते. पेरणीच्या तोंडावर बापाला दहा हजार माग, असं मी कोणत्या तोंडानं सांगू? निवड होऊनही याच कारणानं न गेलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांनी कोणाला सांगितलंही नाही. नुसतं "घरी काम होतं" म्हणाली.

म्हणून निवडीचं पत्र आलं की त्याच दिवशी संस्थेला ईमेल करून तीन गोष्टी विचारा: पहिला हप्ता कोणत्या तारखेला, वसतिगृह फुकट की पैसे भरून, आणि प्रवासाची उचल मिळते का. हे विचारण्यात काही कमीपणा नाही, मी स्वतः असे ईमेल लिहून दिले आहेत. मग तेच पत्र घेऊन प्राचार्यांकडे जा. पुष्कळ कॉलेजांत विद्यार्थी साहाय्य निधी असतो, माजी विद्यार्थी असतात, आणि विद्यापीठात विद्यार्थी विकास विभाग असतो. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातच विद्यार्थी विकास मंडळाची तरतूद आहे. त्या विभागाचं दार आमच्या पोरांनी सहसा पाहिलेलंच नसतं. लेखी अर्ज द्या, सोबत निवडपत्र आणि खर्चाचा कागद जोडा. सावकाराच्या दारात जाण्याआधी हे सगळं करून झालेलं असलं पाहिजे.

खर्चाचा तो कागद घरापासून सुरू करा. आमची मुलं फॉर्मवर "नागपूर ते बंगळुरू, स्लीपर" एवढंच लिहितात. पण यवतमाळकडच्या माणसाला गाडी धरायला आधी धामणगाव, वर्धा किंवा नागपूर गाठावं लागतं, आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांना वडसा. एसटीचं भाडं, रात्री स्टेशनवर थांबावं लागलं तर जेवण, तिकडे उतरल्यावर रिक्षा, हे सगळं लिहा. जे लिहिलं नाही ते मंजूर होत नाही.

आता तिकिटांचं. एसटीच्या मशिनचं तिकीट उष्णतेनं उमटणाऱ्या कागदावर येतं. उन्हात खिशात राहिलं की दोन महिन्यांत पांढरं होतं, आणि पांढरं तिकीट कोणताही लेखापाल मान्य करत नाही. बसमध्येच फोटो काढा, पोचल्यावर झेरॉक्स काढून मूळ तिकिटासोबत टाचून ठेवा. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेव्हा मुलींनी दिलेलं तेवढंच भाडं मागावं. पूर्ण भाडं लिहिल्यामुळे माझ्या एका विद्यार्थिनीचं सगळं बिल परत आलं होतं, जेमतेम ऐंशी रुपयांच्या फरकासाठी. रेल्वेत पीएच.डी. करणाऱ्यांना संशोधनाच्या प्रवासासाठी वयाच्या ३५ वर्षांपर्यंत सवलत मिळते, तिचा फॉर्म संस्थेकडून घ्यावा लागतो. विमानाचं तिकीट सरकारी पैशातून असेल, तर कुठून काढायचं हे आधी लेखी विचारा. केंद्राच्या नियमाप्रमाणे ते ठरावीक अधिकृत एजन्सींकडूनच काढावं लागतं, स्वस्त दिसलं म्हणून भलत्या ॲपवरून काढलेलं नामंजूर होऊ शकतं. बोर्डिंग पास फेकू नका.

नाव सारखं, योजना वेगळी

'इंटर्नशिप' हा शब्द दिसला की अर्ज, असं चाललं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना जाहीर झाली तेव्हाच्या नियमांप्रमाणे २१ ते २४ वयाच्या आणि पूर्णवेळ शिक्षण न घेणाऱ्या तरुणांसाठी होती. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही शिक्षण चालू असलेल्यांसाठी नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातली मुलं सेतू केंद्रावर पैसे देऊन हे फॉर्म भरतात आणि पुढे महिनोन्‌महिने उत्तराची वाट बघतात. अभ्यासक्रमातली ऑन जॉब ट्रेनिंग ही आणखी तिसरी गोष्ट. तिच्यात श्रेयांक (क्रेडिट) मिळतात, पैसे मिळतीलच असं नाही.

केंद्र सरकारच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीबद्दल उलटा गैरसमज आहे: सगळी रक्कम आपोआप मिळते असा. बारावीत आपल्या मंडळाच्या वरच्या एक टक्क्यात असलेल्या आणि मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांना ती मिळते. वर्षाला ८० हजार. त्यातले ६० हजार शिष्यवृत्तीचे, आणि २० हजार उन्हाळी संशोधन प्रकल्पाचे. प्रकल्प केला नाही, किंवा करूनही अहवाल आणि मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र चढवलं नाही, तर ते २० हजार हक्कानं मागता येत नाहीत.

परदेशी जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा एन्डोमेंट ही कर्ज-शिष्यवृत्ती आहे, ती फेडायची असते. फार मोलाची मदत आहे, पण फुकटची समजून घरी सांगू नका.

विषय आभाळाएवढा, बजेट चिमूटभर

"विदर्भातील शेतकरी आत्महत्या: एक अभ्यास." दर वर्षी किमान दोन प्रस्ताव या नावाचे येतात. मुलांच्या मनात तो विषय का येतो हे मला ठाऊक आहे, काहींनी तो घरातच पाहिलेला आहे. पण सहा महिन्यांत, थोड्याशा पैशांत, एकट्या विद्यार्थ्याला तो पेलत नाही आणि परीक्षकाला हे पहिल्या ओळीतच दिसतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर गेले, त्या धक्क्यातून एका मुलानं असाच भला मोठा विषय आणला होता. आम्ही तो घासत घासत इथवर आणला: तीन गावांतले फवारणी करणारे मजूर मास्क आणि हातमोजे का घालत नाहीत. साठ माणसं, एक प्रश्नावली, फवारणीच्या हंगामातले सहा आठवडे. उत्तरं त्याला बांधावरच मिळाली. उकाड्यात जीव गुदमरतो, ओले हातमोजे निसटतात, आणि मालक एकच जोड देतो. 'आविष्कार'मध्ये तो प्रकल्प विद्यापीठ पातळीपर्यंत गेला. २००६ पासून चाललेल्या या आंतरविद्यापीठ संशोधन महोत्सवात पदवीच्या मुलांचा गट वेगळा असतो, हे अजून आमच्या कितीतरी कॉलेजांत माहीत नाही.

बजेटमध्ये लॅपटॉप आणि प्रिंटर लिहू नका, छोट्या प्रकल्पात ते बहुधा पहिल्यांदा कापलं जातं. माती तपासणीचे दर प्रयोगशाळेकडून लेखी घ्या. गावोगाव फिरायचा पेट्रोलचा खर्च किलोमीटरवर मांडा.

आणि उतारे उचलू नका. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपला तुम्हाला काय करायचं आहे हे स्वतःच्या शब्दांत लिहून द्यावं लागतं. मोबाईलवरून तयार करून घेतलेला गुळगुळीत परिच्छेद वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतो. तुमच्या नाल्यातल्या बेडकांबद्दल मोडक्या इंग्रजीत लिहिलंत तरी चालेल, पण ते तुमचं असू द्या.

"सर, उद्या लास्ट डेट हाय"

पुढच्या उन्हाळ्याचे चांगले अर्ज आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातच सुटतात, अकादम्यांची फेलोशिप त्यातलीच. आमच्याकडे तेव्हा सोयाबीनची काढणी, दिवाळी, कापसाची वेचणी आणि सेमिस्टरची परीक्षा एकाच वेळी असते. पोरगी दिवसभर शेतात आणि रात्री नेटवर्कच्या शोधात. तिला उशीर झाला तर मी तिला आळशी म्हणणार नाही. पण तारीख पुढे जात नाही. म्हणून मी वर्गात सांगते, पोळ्यापर्यंत कागद तयार पाहिजेत. गुणपत्रिका स्कॅन करून, परिच्छेद लिहून, शिक्षकाला शिफारसपत्राचं सांगून ठेवा. शिफारसपत्र मागताना सोबत तुमची गुणपत्रिका आणि विषयाच्या चार ओळी द्या, म्हणजे शिक्षकाला "विद्यार्थी होतकरू आहे" यापलीकडे काही लिहिता येतं. उत्पन्नाच्या दाखल्यावरची वैधतेची तारीख बघा, ती बहुधा ३१ मार्चला संपते. जात वैधता लागणार असेल तर तो अर्ज आजच.

नावाचंही याच वेळी करून टाका. दहावीच्या सनदेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि पासबुकात वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. सनदेवरचं नाव प्रमाण धरा आणि बाकीचे कागद त्याप्रमाणे दुरुस्त करा.

कोणी निवडीसाठी, प्रमाणपत्रासाठी किंवा "आंतरराष्ट्रीय परिषदेत हमखास पेपर"साठी आधी पैसे मागत असेल, तर तो ईमेल मला किंवा तुमच्या शिक्षकाला दाखवल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

पैसे मिळाल्यावर फाईल बंद करणं

संशोधनाची मदत बहुधा हप्त्यांत येते आणि दुसरा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्राशिवाय, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्याशिवाय, सुटत नाही. ते कॉलेजच्या लेखा विभागातून सही होऊन जातं, बरेचदा चार्टर्ड अकाउंटंटचीही सही लागते. म्हणून प्रत्येक खरेदीचं पक्कं बिल घ्या, तारीख मंजुरीनंतरची हवी, आणि बजेटमधल्या एका शीर्षाखालचे पैसे दुसरीकडे परवानगीशिवाय खर्चू नका. उरलेले पैसे परत करावे लागले तर करा, पावती घ्या. फवारणीवर काम केलेल्या त्या मुलानं उरलेले बाराशे रुपये पहिल्या अहवालासोबतच परत केले होते. दुसऱ्या वर्षी त्याचा अर्ज पुन्हा त्याच कार्यालयात गेला, तेव्हा तिथल्या बाबूंनी मला फोन करून विचारलं, "मॅडम, हा तोच पोरगा ना?"