कर्नलचा कोड तपासताना या चुका टाळा: गोम एरर पाथमध्ये असते

महाप्याच्या एमआयडीसीत आमच्या टीमकडे लिनक्स कर्नलमधल्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातल्या) एका सेन्सर ड्रायव्हरचा, म्हणजे सेन्सर चालवणाऱ्या कोडचा, पॅच (बदल) आला होता. ठाण्याहून नेरूळ लोकलमध्ये चक्क खिडकी मिळाली, म्हणून घणसोलीला उतरेपर्यंत मी तो वाचून काढला आणि ‘ठीक आहे’ लिहून मोकळी झाले. दोन आठवड्यांनी तक्रार आली, बोर्ड सस्पेंड केला (झोपवला) तरी कोमटच राहतो. डीबगएफएसमधली (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाइलींमधली) क्लॉक समरी उघडली, तर सेन्सर चालू असताना त्याच्या क्लॉकचा (चिपला ठोके देणाऱ्या सिग्नलचा) एनेबल काउंट, म्हणजे चालू करून बंद न केल्याचा आकडा, ४. वापरणारा ड्रायव्हर मात्र एकच.

झालं होतं असं: प्रोबमध्ये, म्हणजे डिव्हाइस सापडल्यावर कर्नल ड्रायव्हरचं जे फंक्शन बोलावतो त्यात, आधी क्लॉक चालू केला होता, मग रेग्युलेटर (वीजपुरवठा सांभाळणारा भाग) मागितला होता. रेग्युलेटरचा ड्रायव्हर तोवर आलेलाच नव्हता, म्हणून ‘ईप्रोब-डिफर’ (‘आत्ता नाही, नंतर पुन्हा ये’ सांगणारा एरर) मिळाला आणि कोड तिथूनच रिटर्न झाला. क्लॉक तसाच चालू. लिनक्स असा प्रोब नंतर पुन्हा बोलावतो. तीनदा हुकला, चौथ्यांदा जमला. सस्पेंडमध्ये काउंट एकानेच उतरायचा, बाकीचे ३ तसेच.

म्हणजे पहिली चूक माझीच: एरर पाथ (काही फसल्यावर चालणारा कोड) क्वचित चालतो असं धरून चालणं. डिफरमुळे तो दर बूटला चालू शकतो. आता मी प्रोब वाचते तेव्हा घेतलेल्या प्रत्येक गोष्टीवर बोट ठेवते आणि तिच्या खालचे सगळे रिटर्न मोजते. ज्या रिटर्नआधी ती सोडलेली नाही, तिथे प्रश्न. गोटूची (एरर आला की आवरण्याच्या कोडकडे उडी मारायची) लेबलं घेतल्याच्या उलट क्रमाने हवीत आणि नावावरून काय सुटतंय ते कळायला हवं. ‘एरर१, एरर२’ अशी नावं असली की मधे एक पायरी वाढवताना कुणीतरी हमखास चुकीच्या लेबलवर उडी मारतो.

दुसरी चूक म्हणजे काय परत येतं ते न बघता तपासणी लिहिणं. मेमरी मागणारं ‘डेव्हएम-केझेडॲलॉक’ फसलं की नल (रिकामा पॉइंटर) देतं. डिव्हाइसची रजिस्टरं जोडून देणारं ‘डेव्हएम-आयओरीमॅप-रिसोर्स’ मात्र एरर पॉइंटर (आत एररचा आकडा दडवलेला पॉइंटर) देतं. तिथे नल तपासलंत तर तपासणी कधीच लागणार नाही आणि पुढे बोर्ड कोसळेल. तोच प्रकार आयआरक्यूचा (इंटरप्टच्या नंबरचा). ‘प्लॅटफॉर्म-गेट-आयआरक्यू’चं उत्तर अनसाइन्ड (ऋण आकडा न मानणाऱ्या) व्हेरिएबलमध्ये ठेवलं की ‘शून्यापेक्षा कमी’ ही अट मेलीच.

डिव्हाइसला जागं करणारं ‘पीएम-रनटाइम-गेट-सिंक’ तर भल्याभल्यांना फसवतं, कारण ते फसलं तरी वापराचा काउंट वाढलेलाच असतो. लगेच रिटर्न केलंत तर डिव्हाइस पुन्हा झोपत नाही. लिनक्स ५.१० पासून ‘पीएम-रनटाइम-रिझ्यूम-अँड-गेट’ आहे, ते फसल्यावर काउंट स्वतःच उतरवतं.

‘डेव्हएम वापरलंय, आता काळजी नाही’ हे वाक्य ऐकलं की मी उलट जास्त नीट बघते. डेव्हएमने घेतलेल्या गोष्टी कर्नल आपोआप सोडतो, पण रिमूव्ह (ड्रायव्हर काढताना चालणारं फंक्शन) संपल्यावर. रिमूव्हमध्ये हाताने क्लॉक बंद केला आणि आयआरक्यू डेव्हएमवर सोडला, तर मधल्या काळात इंटरप्ट आला की हँडलर (इंटरप्ट हाताळणारा कोड) बंद क्लॉकच्या रजिस्टरला हात घालतो. डेव्हएम आणि हाताचं काम मिसळायचं असेल, तर डेव्हएमचं सगळं आधी घ्यावं, म्हणजे सुटण्याचा क्रम घेतल्याच्या उलट राहतो.

टूल्सचं म्हणाल तर कोड न चालवता तपासणारं स्मॅच नल आणि एरर पॉइंटरचा गोंधळ बऱ्याचदा पकडतं. फेलस्लॅबने मेमरी मुद्दाम नाकारून बघा, एरर पाथ खरोखर चालतो. गळती शोधणारं केमेमलीक फक्त मेमरी बघतं. क्लॉकचा काउंट त्याच्या गावीही नसतो, म्हणून आमच्या बोर्डवर ते गप्प होतं.

दुरुस्ती छोटीच निघाली. रेग्युलेटरची मागणी क्लॉकच्या वर नेली आणि उरलेल्या रिटर्नच्या जागी गोटू आले. जुन्या कमिटखाली (नोंदलेल्या बदलाखाली) ‘रिव्ह्यूड-बाय’पुढे माझं नाव मात्र अजून तसंच आहे.