कॅरिबूच्या कामात यायचंय? मग हे वाचा

इथे कॅनडातल्या अल्बर्टात वाइल्डलाइफचं मास्टर्स करायला येणारी आपली मुलं विचारतात, कॅरिबूवर, म्हणजे इथल्या जंगली रेनडिअरवर, काम मिळेल का. मिळतं, पण रोज प्राणी दिसेल या आशेने येऊ नका, तुमचा बहुतेक वेळ सेस्मिक लाइनवर जाणार आहे. तेल आणि गॅस शोधायला जंगलातून सरळसोट कापलेल्या या पट्ट्या, त्यातल्या कित्येक जुन्या पट्ट्यांवर दलदलीत दशकं उलटली तरी झाडं परत आली नाहीत, आणि लांडगे त्यावरून भराभर चालतात. त्यात जिथे जंगलतोड झाली तिथे कोवळा पाला फुटतो, पाल्यामागे मूस (हरणांच्याच कुळातला मोठा प्राणी) आणि हरणं येतात, त्यांच्यामागे लांडगे, आणि कॅरिबू बिचारा मधल्यामध्ये मरतो. ही साखळी आधी डोक्यात पक्की बसवा, मग पेपर वाचा.

पट्टी बुजवायचं, म्हणजे तिथे परत जंगल उभं करायचं काम दलदलीत भर थंडीत चालतं, कारण जमीन गोठल्याशिवाय मशीन आत जातच नाही. एक्सकॅव्हेटर पीटचा (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या पाल्याच्या मातीचा) मोठा ढेकूळ उचलून बाजूला पालथा घालतो आणि त्या उंचवट्यावर ब्लॅक स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचं रोप लावतात, खाली लावलं तर मुळं पाण्यात राहतात आणि रोप खुरटतं. वर आडवी झाडं टाकायची म्हणजे लांडग्याची वाट अडते. पण कॅरिबूला लागतं जुनं जंगल आणि त्यातलं लायकेन, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्याच जातकुळीतलं, आणि ते वाढायला फार म्हणजे फार वेळ घेतं.

तोवर कळप टिकायला तर हवा ना. शेजारच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातला क्लिन्से-झा कळप नक्की अभ्यासा. 2013 मध्ये 38 कॅरिबू उरले होते, 2022 पर्यंत शंभरच्या वर गेले. वेस्ट मोबर्ली आणि सोल्टो या फर्स्ट नेशन्सनी, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या समाजांनी, हे पुढाकार घेऊन केलं, गाभण माद्या पिल्लं जरा मोठी होईपर्यंत डोंगरात कुंपणात ठेवल्या, त्यांच्यासाठी लोकांनी हाताने लायकेन वेचून आणलं, आणि सोबत लांडगेही कमी केले. लांडगे मारणं मला आजही जड जातं, पण ते न करता हा कळप वाचला असता असं मला वाटत नाही. इथल्या मूळ लोकांशी बोलायला, त्यांचं ऐकून घ्यायला शिका, हे कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

बाकी तयारी म्हणजे आर (आकडेवारीची प्रोग्रॅमिंग भाषा) आणि जीआयएस (संगणकावर नकाशांचं काम), गाडीचं लायसन्स, फर्स्ट एड आणि अस्वलांपासून सावध राहायचं ट्रेनिंग. उन्हाळ्यातल्या टेक्निशियनच्या जागा बऱ्याचदा हिवाळ्यातच भरतात, त्यामुळे डिसेंबरपासून अर्ज टाकायला लागा.