देवाला पहिलं स्थान, पण रोजच्या धावपळीत ते द्यायचं कसं?

बायबलमधलं मत्तय 6:33 आपल्या सगळ्यांना पाठ आहे, आधी त्याचं राज्य आणि त्याचं नीतिमत्त्व मिळवायला झटा, बाकीचं मिळेलच. रविवारी प्रार्थनेत आपण म्हणतो पण, प्रभू तुला प्रथम स्थान देतो. आणि मंगळवारी सकाळी कुकर लावलाय, डबे भरायचेत, मुलाचा एक मोजा सापडत नाहीये, तेव्हा काय? बहुतेक वेळा देवाला आपला उरलासुरला वेळ आणि उरलासुरला पैसा जातो. हेच बदलायचंय, आधी त्याचं काढून ठेवायचं आणि मग बाकीचं बसवायचं, सगळी गोष्ट एवढीच आहे.

सकाळपासून सुरू करा. रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा, उशाशी नको, आणि उशाशी छापील बायबल ठेवा, कारण अ‍ॅपवर वचन वाचायला जाल आणि व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज बघून बाहेर याल. कुठून वाचायचं कळत नसेल तर मार्कचं शुभवर्तमान घ्या, 16 अध्याय आहेत, रोज अर्धा वाचला तरी महिन्याभरात येशूची अख्खी गोष्ट होते. नाहीतर नीतिसूत्रे, 31 अध्याय, आज जी तारीख तो अध्याय. हळू आवाजात वाचा, मनातल्या मनात वाचलं की डुलकी लागते. मग प्रार्थना, आधी उपकार माना आणि मग आजच्या दिवसातली माणसं नावं घेऊन प्रभूपुढे ठेवा, साहेब, शेजारीण, मुलाची टीचर, सगळे. पहाटेची लोकल पकडणाऱ्यांनी रात्रीच एक वचन चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा आणि गाडीत उभ्या उभ्या प्रार्थना करा, देव ऐकतो. रोज का, तर निर्गम 16 मधला मान्ना आठवा, रानात देवाने इस्राएल लोकांना दिलेलं अन्न, तो रोज सकाळी गोळा करायचा होता, उद्यासाठी ठेवला तर किडे पडायचे (शब्बाथाचा, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाचा, सोडून). रविवारची दोन तासांची उपासना आठवडाभर पुरत नाही.

वेळच नाही असं वाटलं की मला पंडिता रमाबाई आठवतात, केडगावला मुक्ती मिशनमध्ये एवढ्या मुलीबायकांचा कारभार सांभाळत त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल मराठीत आणलं.

पैशाचं पण तसंच. पगार जमा झाला त्याच दिवशी, ईएमआय कटायच्या आधी, दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, पाकिटात वेगळा काढा. कर्ज असेल, दहा टक्के आत्ता नाही झेपत, तर कमीने सुरू करा पण पहिला काढा. हातावर पोट असलेल्यांनाही जमतं, मिझोराममध्ये बायका स्वयंपाकाला तांदूळ घेतानाच मूठभर चर्चसाठी बाजूला काढतात, शंभर वर्षांहून जास्त काळ हे चाललंय आणि त्यातून मिशनचं केवढं काम उभं राहिलंय. मात्र देवाला दिलं की दुप्पट परत मिळतं असं कोणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका, तो व्यवहार झाला, दान नाही.

आता सगळ्यात अवघड. देव पहिला म्हणजे घरचे शेवटी, असा अर्थ काही लोक काढतात आणि रोज संध्याकाळी प्रार्थनासभेला जातात, घरी आजारी सासूला पाणी द्यायला कोणी नसतं. मार्क 7 मध्ये येशू यावरच चिडलाय, देवाला अर्पण केलं म्हणून आईबापाला द्यायचं नाही हे त्याला अजिबात चालत नाही. आणि मत्तय 5 मध्ये तर म्हणतो अर्पण वेदीपाशीच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. म्हणून प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेतो त्याच्या, आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, ज्याच्याशी अबोला आहे त्याला फोन लावा. जमिनीच्या वाटणीचा विषय काढायचाच नाही. "दादा, त्या दिवशी मी जास्त बोलले, मला माफ कर", एवढंच बोला आणि पुढे गप्प राहा. त्याने फोन आपटला तरी चालेल, तुमच्याकडून व्हायला हवं ते झालं.

ऑफिसात खोटं बिल लावायला सांगतील, मागची तारीख टाकायला सांगतील, ते ऐनवेळी ठरवायला गेलात तर नाही म्हणायला तोंड उघडत नाही. बायबलमधल्या दानिएलाने राजाचं ताट समोर यायच्या आधीच ते खायचं नाही असं मनाशी ठरवलं होतं. तुम्हीही आज ठरवा आणि कसं बोलायचं ते पण ठरवा, "सर, हे मला जमणार नाही, दुसरं काही सांगा, थांबून करते". आवाज चढवायचा नाही.

रविवारी ड्युटी लागत असेल तर नुसतं कुढत बसू नका, सहकाऱ्यांशी बोला, गणपतीत आणि दिवाळीत मी थांबते, तुम्ही घरी जा, मला रविवारची सकाळ सोडा. बहुतेक लोक आनंदाने तयार होतात. आणि तरी नाहीच जमलं तर जवळपास संध्याकाळची उपासना कुठे असते ते आत्ताच विचारून ठेवा.