जिन्याखाली १३ अंश: नाशिकच्या घरात वाइनची खोली

माझा मूळ धंदा द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजचा. पिंपळगाव बसवंत, ओझर, दिंडोरी या पट्ट्यात पॅनेल उभे करायचे, मशीन बसवायचं आणि सीझनमध्ये रात्री-अपरात्री फोन आला की गाडी काढायची. घरातल्या वाइन खोल्यांची कामं त्यातूनच मिळत गेली. लोक येतात ते मोबाइलमध्ये फ्रान्समधल्या दगडी तळघरांचे फोटो घेऊन, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: खाली खोदायचं का?

खोदू नका. जमिनीत काही मीटर खाली गेलं की तिथलं तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीच्या आसपास स्थिर होतं. फोटोतल्या तळघरांच्या गावी ही सरासरी १०-१२ अंशांच्या घरात असते, म्हणून तिथे दगड रचला की निम्मं काम झालं. नाशिकची सरासरी २४-२५ अंशांची. वाइनला हवेत १२ ते १४. म्हणजे कितीही खोल गेलात तरी दहा-एक अंश जास्तच. जुन्या नाशकातल्या वाड्यांची तळघरं मे महिन्यात गार लागतात, ती बाहेर ४० असतं म्हणून. शिवाय काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तळघरात पाणी झिरपायला लागलं की ते निस्तरण्यातच जन्म जातो.

तेव्हा आपल्याकडे वाइन सेलर म्हणजे एक छोटं कोल्ड स्टोरेज, एवढं मनाशी धरा. द्राक्षाला शून्य-एक अंश लागतो, वाइनला तेरा. बाकी शास्त्र तेच, आणि या शास्त्रात पैसे भिंतीत घालायचे असतात, मशीनमध्ये नाही.

त्याआधी बाटल्यांचा आकडा ठरवा. महाराष्ट्रात मद्य बाळगायला परवाना लागतो आणि परवान्यावर घरात किती साठा ठेवता येतो यालाही मर्यादा आहे. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात जाऊन ती विचारा आणि मगच सुताराला बोलवा. आकडा चाळिशीच्या आत राहणार असेल तर हा सगळा खटाटोप करू नका, कंप्रेसरवाला वाइन फ्रिज घ्या. कंप्रेसरवालाच. पेल्टियरचे, म्हणजे बिनकंप्रेसरचे, जे स्वस्त, बिनआवाजी फ्रिज मिळतात ते खोलीच्या तापमानापेक्षा साधारण पंधरा अंशच खाली जातात. डिसेंबरात ठीक चालतात. मे महिन्यात दुपारी बंद घरात ४० अंश असताना आत २५.

दुसरं, आपण पितो त्यातली बरीचशी वाइन मुरवायची नसतेच. इथली शेनिन ब्लाँ, सोव्हिन्याँ ब्लाँ, रोझे ही वर्ष-दोन वर्षांत संपवावी. सुलाची रासा, यॉर्कची आरोस अशा लाकडी पिंपात मुरलेल्या रेड काही वर्षं ठेवण्याजोग्या. सेलरमध्ये पडून राहिली म्हणून साधी वाइन भारी होत नाही. हे मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. त्याने माझं काम जातं कधी कधी, जाऊ दे.

जागेचं म्हणाल तर इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडच्या रो-हाऊसमध्ये जिन्याखालची जागा सगळ्यात सोयीची. ऊन नाही, वापर नाही, तीन भिंती आयत्या. फ्लॅटमध्ये स्टोअररूम किंवा पॅसेजचा कोपरा चालतो, फक्त पश्चिमेची बाहेरची भिंत टाळा. वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर यांच्या शेजारी नको. सततच्या थरथरीने वाइनमधला गाळ बसत नाही. एका घरी जिन्याखालच्या भिंतीपलीकडे देवघर निघालं. काका गप्प, मीही गप्प. काकूच म्हणाल्या, "देवाचं मी बघते, आधी तिथले कांदे कुठे ठेवायचे ते सांगा." प्रश्न रास्त होता. कांदा-लसूण, रॉकेल, डांबराच्या गोळ्या, चपलांचा रॅक, यातलं काहीही त्या खोलीत किंवा लागून नको. बुचातून हवा अगदी थोडी आत-बाहेर होते आणि महिनोन् महिने वास मुरत राहतो. वाळवीची फवारणी करायची असेल तर ती सगळ्यात आधी, आणि वास पूर्ण जाईपर्यंत थांबा.

आता भिंत. समजा खोली तीन फूट बाय चार फूट, उंची सात फूट. जिन्याचा उतार सोडून देऊ, हिशेबाला चौकोनी डबा धरू. सहाही बाजूंचं क्षेत्रफळ साधारण साडेअकरा चौरस मीटर. सगळीकडून ६० मिमीचा पफ, म्हणजे उष्णता अडवणारा कडक फोम, लावला, बाहेर ४० आणि आत १३ अंश, तर आत शिरणारी उष्णता साधारण १२० वॅट भरते. दार उघडणं, दिवा, फटी धरून २५० म्हणा. आता बघा, एक टनाचा एसी म्हणजे साडेतीन हजार वॅट. म्हणून "घरात जुना एसी पडलाय, तोच लावू" म्हणणाऱ्यांना मी हात जोडतो. तो १६ अंशांखाली उतरत नाही, दोन मिनिटं चालून बंद पडतो, आणि चालतो तेवढ्यात हवा कोरडी करून टाकतो.

पफ लावताना एक गोष्ट चुकली की सगळं वाया: प्लास्टिकचा थर. भिंतीला आतून आधी ६०० गेजचा, म्हणजे १५० मायक्रॉनचा, पॉलिथिन कागद अखंड लावायचा, आणि त्याच्यावर पफ. बरेच मिस्त्री उलटं करतात. आधी पफ, मग आतून कागद, कारण तसा तो साफ दिसतो. जुलैत नाशकात २८ अंशांची, ८५ टक्के दमट हवा असते. तिच्यातली वाफ २५ अंशांच्या आसपास पाणी व्हायला लागते. ती भिंतीतून थंडीकडे सरकते आणि वाटेत कागद नसेल तर थेट पफच्या सांध्यांत पाणी होऊन बसते. बाहेरून काही कळत नाही. पुढच्या वर्षी प्लाय फुगतो, बुरशीचा वास येतो आणि मशीन दिवसभर बंदच होत नाही. कागद नेहमी गरम बाजूला. जोडावर चार इंच चढवायचा आणि ॲल्युमिनियम फॉइल टेपने बंद करायचा. जिन्याच्या उताराला, म्हणजे स्लॅबच्या खालच्या अंगालाही तोच कागद जायला हवा. तिथे हात पोचत नाही म्हणून कामगार तो सोडून देतात. स्वतः बॅटरी घेऊन वाकून बघा.

पफची स्लॅब ४० घनतेची (घनमीटरला ४० किलो) मागा. दोन थर देऊन सांधे एकावर एक येऊ देऊ नका, उरलेल्या फटीत स्प्रेचा फोम मारा. उतारावर तिरके तुकडे कापताना दोन सूत फट राहतेच, ती फोमनेच भरते. थर्माकोलवर भागवायचं असेल तर जाडी दीडपट धरा. जमिनीला एक्सपीएसची, म्हणजे थर्माकोलच्याच जातीच्या पण कडक फोमची, ५० मिमीची शीट, ती वजनाला दबत नाही. तिच्यावर मरीन प्लाय आणि वरून विनाइल किंवा टाइल. जमीन सोडून कशी चालेल? खालची माती २५ अंशांची आहे.

दार काचेचं हवं असतं सगळ्यांना. दिसायला छान, मान्य. पण एकेरी काच जुलैत घाम गाळते आणि लाद्यांवर थारोळं होतं. काच हवीच असेल तर दुहेरी सीलबंद आणि लहान. मी स्वतः आत पफ भरलेलं फ्लश दार सुचवतो, चारी बाजूंनी फ्रिजसारखं गॅस्केट आणि खाली दाबून बसणारी रबरी पट्टी.

मशीन म्हणून तयार वाइन सेलर युनिट बसवा किंवा चांगल्या रेफ्रिजरेशनवाल्याकडून बनवून घ्या. पाव एचपीचा कंप्रेसर एवढ्या खोलीला पुरून उरतो. बनवून घेताना एकच हट्ट धरा: आतली, हवा गार करणारी कॉइल मोठी हवी. कॉइल लहान असली की ती फार गार करून चालवावी लागते, आणि जितकी गार कॉइल तितकं हवेतलं पाणी जास्त ओढलं जातं. मशीनची गरम हवा बाहेर मोकळी सुटली पाहिजे. दिवाणखान्यात किंवा दुसऱ्या बंद कपाटात सोडलीत तर तीच हवा फिरत राहते. कॉइलवर जमलेलं पाणी बाहेर नेणाऱ्या नळीला यू वळण द्या, म्हणजे नळीतून गरम हवा आत येत नाही. कंट्रोलरचा सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नका. पाणी भरलेल्या वाइनच्या बाटलीत तो सोडा आणि ती बाटली मधल्या रॅकवर ठेवा. दार उघडलं की हवा लगेच तापते, वाइन तापत नाही; मशीनने वाइनचं ऐकायला हवं.

दमटपणा ६० ते ७० टक्के. मार्च ते मे नाशिकची दुपारची हवा फार कोरडी असते, तेव्हा आत पाण्याचा पसरट ट्रे ठेवा. पावसाळ्यात काढून टाका. हायग्रोमीटर, म्हणजे दमटपणा मोजायचा मीटर, घेतला की आधी तपासा: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओलं करा, पातळ नको, आणि मीटरसोबत घट्ट बंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवायला हवं. ७० दाखवलं तर पुढे नेहमी पाच मिळवून वाचा. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्यांना दमटपणाचं काही पडलेलं नसतं आणि त्या उभ्या ठेवल्या तरी चालतात. बुचाच्या बाटल्या मात्र आडव्याच, म्हणजे बूच ओलं राहतं.

रॅकला सागवान किंवा पावडर कोट केलेली लोखंडी कांब. एमडीएफ नको, फुगतो. एका बाटलीला मध्यापासून मध्यापर्यंत चार इंच धरा. तीन फुटांत नऊ बसतात. स्पार्कलिंगच्या, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनच्या, बाटल्या जाड असतात, त्यांना खाली मोठे खण ठेवा. भिंतीपासून दोन इंच सोडा, हवा फिरू दे. भरलेली बाटली सव्वा किलोच्या पुढेच, शंभर बाटल्यांचं वजन जमिनीवर यायला हवं, पफवर स्क्रू मारून नाही. दिवा एलईडी, मंद, दाराबरोबर बंद होणारा, आणि त्याचा ड्रायव्हर खोलीबाहेर. रोझेच्या पांढऱ्या काचेच्या बाटल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात. खाली गार असतं, तिथे व्हाइट, वर रेड.

वीज जाण्याची फार धास्ती घेऊ नका. शंभर भरलेल्या बाटल्या म्हणजे ७५ लिटर गार द्रव. वर दिलेल्या खोलीत ऐन मे महिन्यातही तासाला साधारण एक-दीड अंशच चढतो, रात्री त्याहून कमी. रिकामी खोली मात्र झपाट्याने तापते, म्हणून सुरुवातीला रॅक अर्धे रिकामे असतील तर त्यांत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा. इन्व्हर्टरपेक्षा आधी स्टॅबिलायझर घ्या.

वाइन आत ठेवण्याआधी खोली निदान आठवडाभर नुसती चालवा. सकाळी आणि दुपारी तीनला आकडे लिहून ठेवा, फरक दोन अंशांपेक्षा जास्त नको. रंग-फोमचा वास गेलाय का ते नाकाने बघा. आणि दाराचं गॅस्केट तपासायला कागदाची पट्टी चौकटीत धरून दार लावा, मग ओढा. चारी बाजूंना, कोपऱ्यांतसुद्धा, ती अडकून निघाली पाहिजे. सहज सरकली तर त्या बाजूचं बिजागर कसा. दरवर्षी होळीच्या आसपास, ऊन वाढायच्या आत, ही चाचणी पुन्हा करा आणि त्याच दिवशी बाहेरच्या कंडेन्सरवरची, म्हणजे गरम हवा सोडणाऱ्या जाळीवरची, धूळ ब्रशने काढा.