घरचा पिझ्झा स्वस्तात करताय? या चुका टाळा

घरी पिझ्झा करायचा म्हटलं की बहुतेक जण काटकसर चीजपासून सुरू करतात. खरं तर पिझ्झ्यात सगळ्यात स्वस्त असतं ते पीठ. ते जमलं तर वर थोडंसं घालूनही चव येते; ते बिघडलं तर चीजचा थर दिला तरी खाली वातड पोळीच हाताला लागते. म्हणून तयार बेस आणण्यापेक्षा पीठ घरीच भिजवा. २५० ग्रॅम मैदा, साधारण १६० मिली पाणी, चमचाभर इन्स्टंट यीस्ट, तेवढंच मीठ आणि थोडं तेल, यात मध्यम आकाराचे दोन पिझ्झे होतात.

पीठ फुगलं नाही, तर बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो. यीस्ट जिवंत असतं. पाणी ५५-६० अंशांच्या वर गेलं की मरतं. बोट बुडवल्यावर जेमतेम कोमट लागेल इतकंच पाणी हवं. दुसरं कारण जुनं यीस्ट. पुडा एकदा फोडला की उरलेलं घट्ट झाकणाच्या डबीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. शंका आली तर कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि थोडं यीस्ट घालून दहा मिनिटं थांबा. फेस आला नाही तर मैदा वाया घालवू नका. पीठ फुगत नाही म्हणून यीस्ट वाढवत जाऊ नका, त्याला उग्र वास येतो. थंडीत फक्त वेळ जास्त लागतो. पीठ लाटताना सारखं आखडत असेल तर दहा मिनिटं झाकून ठेवा, मग हातानेच थापा.

आता तवा. इटलीतल्या नापोली शहरातल्या लाकडाच्या भट्टीत साडेचारशे अंशांच्या आसपास उष्णता असते, म्हणून तिथे कच्च्या बेसवर सगळं पसरून चालतं. तव्यावर तसं केलं की खाली करपतं आणि वरचं चीज तसंच राहतं. आधी जाड बिडाच्या तव्यावर बेसची एक बाजू दोन-तीन मिनिटं भाजा, उलटा, भाजलेल्या बाजूवर सॉस-चीज घाला, आच अगदी मंद करा आणि झाकण ठेवा. झाकणाला आतून जमलेलं पाणी एकदा पुसून घ्या. रिकामा कुकर तापवून भट्टी करायच्या फंदात मात्र पडू नका, भांडं खराब होतं.

पिझ्झा गिच्च होतो तो पाण्यामुळे. टोमॅटोच्या बिया काढा, कांदा-सिमला मिरची आधी मोठ्या आचेवर दोन मिनिटं परता. सॉस तर घरचाच करा: चार पिकलेले टोमॅटो, लसूण, तेल, मीठ, चमच्यावरून ओघळणार नाही इतकं आटवलेलं. ओरेगॅनो नसेल तर चिमूटभर ओवा चुरडून घाला. दोघांच्या वासात जवळचं नातं आहे.

चीज घेताना पाकिटामागची घटकांची यादी वाचा. वनस्पती तेल लिहिलं असेल तर ते पूर्ण दुधाचं चीज नव्हे, आणि मला ते स्वस्त असूनही परवडत नाही. प्रोसेस्ड चीज वितळतं, पण त्याला तार येत नाही. निम्मं मोझरेला, निम्मं प्रोसेस्ड असं मिसळलं तर एका पिझ्झ्याला ८०-९० ग्रॅम पुरतं. मोठा ठोकळा घ्या, किसा, लहान पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवा.

दुसरा गोळा लगेच लागणार नसेल तर तेलाचा हात लावून, डब्यात झाकून फ्रीजमध्ये ठेवा. दोन दिवसांनी केलेला पिझ्झा पहिल्यापेक्षा चवदार लागतो.